रात्रीचा रकाना

३ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. पूर्ण लिहिला आहे, 'सा. न.' नव्हे. दोन वर्षांनी लिहितोय, तेव्हा नमस्कारात तरी काटकसर नको.

तुझं पत्र शनिवारी आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या भावजयीने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि मी उघडेपर्यंत समोर बसून राहिली. चार ओळी वाचायला मला इतका वेळ लागतोय हे पाहून तिने विचारलं, संधी सोडवताय का. संधी नव्हतेच. सूत्रकारांनीसुद्धा हेवा करावा असं आटोपशीर पत्र होतं: वीस तारखेला समिती बसणार आहे, यांना पुन्हा टॉवरवर चढू द्यायचं की कायमचं भांडारात ठेवायचं ते त्या दिवशी ठरेल, ऑफिसात तुझ्या शब्दाला वजन आहे, एक पत्र लिही. खाली सही. 'आशीर्वाद' हा शब्द लिहून खोडला आहेस; उजेडासमोर धरला की वाचता येतो. खोडलेला का होईना, मी तो घेतला.

पत्र लिहितो. लिहीनच.

इकडचं क्षेमकुशल असं. चष्म्याचा नंबर वाढला, केसांचा घटला. तुझी भाची परगावी शिकतेय. फोनवर मला 'हो', 'बरं' आणि 'ठेवते' एवढ्याच शब्दांत उत्तरं देते, आईशी मात्र तासभर बोलते. तुझी भावजय ठीक आहे. पाठ दुखते म्हणून डॉक्टरांनी तिला जड उचलू नका म्हणून सांगितलंय, तर आता घरातल्या जड वस्तूंत तिने मलाही धरलंय.

ऑफिसात मी अजून शास्त्रीबुवाच. गावच्या संस्कृत पाठशाळेतून थेट विजेच्या कॉलेजात गेलेला दुसरा कुणी तिथे नाही, त्यामुळे टोपणनावाला स्पर्धक नाही. सध्या बारा नव्या टेकड्यांचं काम माझ्याकडे आलंय. एकदा तू विचारलं होतंस, तुझे भावजी टेकडीवर चढून काय करतात ते मला दिसतं, पण तू खुर्चीत बसून नेमकं काय करतोस. तेव्हा मी काहीतरी चेष्टा करून वेळ मारून नेली असणार. आता सांगतो.

टेकडीच्या माथ्यावर टॉवर असतो, त्यावर बिनतारी यंत्र. पलीकडच्या खोऱ्यातली माणसं फोनवर बोलतात ती त्या यंत्रामुळे. खालून येणारी वीज वाऱ्यापावसात जाते, कधी तासभर, कधी दिवसच्या दिवस, आणि वर दुरुस्तीला माणूस पोचायला अर्धा दिवस लागतो. तेवढा काळ यंत्र बॅटरीवर जगलं पाहिजे. यंत्र किती वीज पितं ते मोजायचं, वीज किती वेळ जाईल ते मानायचं, गुणाकार करायचा आणि तेवढी वीज टॉवरखालच्या खोपटात भरून ठेवायची. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल एकापुढे एक जोडले की अठ्ठेचाळीस व्होल्ट होतात. बॅटरी थंडीत आळसावते आणि वय झालं की विसरायला लागते, म्हणून दोन्हींसाठी थोडं जास्त धरायचं. तारा जाड घ्यायच्या, नाहीतर वर पोचेपर्यंत वाटेतच वीज दमते. आणि आमच्याकडे धन टोक जमिनीला जोडतात, सगळा कारभार ऋण टोकावर चालतो. हे तुझ्या भावजयीला सांगितलं तर म्हणाली, मग यात नवीन काय.

भावजींसाठी पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. कर्तव्यदक्ष, निर्व्यसनी, मितभाषी, अठ्ठावीस वर्षांत एकही दिवस विनाकारण गैरहजर नाही, अशी पानभर विशेषणं जमली आहेत. त्या नवव्या टेकडीबद्दल मात्र त्यात काही लिहिलेलं नाही. ते अहवालात आहेच: वादळात वीज तीन दिवस गेली, बॅटरी तिसऱ्या दिवशी संपली, यंत्र बंद पडलं, आणि बॅटरी कमी पडली कारण भावजींनी तक्त्यातला एक रकाना रिकामा सोडला होता. समितीपुढे तो कागद आहे. त्यावर मी पुन्हा लिहून जुनं उकरायचं कशाला, असा विचार केला. गुणांवर भर द्यावा.

मसुदा भावजींना वाचून दाखव. काही कमी-जास्त वाटलं तर कळव.

तुझा धाकटा


११ मार्च

ताई, नमस्कार.

तुझं कार्ड काल मिळालं. यावेळी तीनच ओळी. 'यांना वाचून दाखवलं. म्हणाले, विशेषणं नकोत म्हणावं, लिहायचंच असेल तर फोनबद्दल लिहा म्हणावं. कोणता फोन विचारलं तर उठून अंगणात गेले. कोणता फोन?'

कार्ड मी तुझ्या आधीच्या पत्राशेजारी ठेवून पुन्हा वाचलं.

मी धरून चाललो होतो की तुला माहीत आहे. दोन वर्षं तू पत्र लिहिलं नाहीस, तुझ्या भाचीच्या निकालाचा निरोप पाठवला तरी उत्तर दिलं नाहीस, ते त्या फोनमुळे, असं मी समजत होतो. आणि खरं सांगायचं तर त्याचा मला एक प्रकारचा आधारही होता, की घडलं ते कळलेलं आहे, शिक्षा चालू आहे, आता वेगळं सांगायला नको. आता कळतंय की तुझा राग एवढाच होता की अहवालावर माझी सही आहे आणि मी भावजींच्या बाजूने तोंड उघडलं नाही. तेवढ्यासाठी दोन वर्षं. तर आता पुढचं लिहिताना माझा हात जड झाला असेल, तर तू समजून घे. नाही घेतलंस तरी चालेल.

आधी तक्ता. साइटवर जाणाऱ्या माणसाने मोजमाप करून आमच्याकडे द्यायचा एक कागद असतो. तो मी तयार केला. पूर्वीचा कागद परभाषेतला होता आणि आमचे चढणारे लोक तो अंदाजाने भरायचे. मी म्हटलं, आपल्या भाषेत करू, नेमक्या शब्दांत. यंत्र दिवसा जास्त वीज घेतं, तासाला दहा धर, आणि रात्री माणसं बोलत नाहीत तेव्हा अर्धी, पाच. म्हणून वीज किती काळ जाऊ शकते ते लिहायला मी दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'दिवस', दुसऱ्यावर 'रात्र'. पाठशाळेत शिकलेला नेमकेपणा: दिवस म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, रात्र म्हणजे उरलेलं, आणि दोन्ही मिळून अहोरात्र. हा शब्द मी मीटिंगमध्ये फळ्यावर लिहून समजावला होता. लोक हसले. मला ते आवडलं.

आता तूच सांग, वीज तीन दिवस जाऊ शकते असं कुणी म्हटलं, तर त्यात रात्री आल्या की नाही? जगातला कुणीही माणूस म्हणेल, आल्या. एक मी सोडून.

भावजी नवव्या टेकडीचा तक्ता भरत होते. 'दिवस' खाली त्यांनी तीन लिहिलं. 'रात्र' पाशी ते अडले, कारण ते काळजीपूर्वक काम करणारे आहेत आणि तीन दिवसांत रात्री धरल्यात असं त्यांना वाटत होतं, पण मग हा वेगळा रकाना कशासाठी? म्हणून त्यांनी मला फोन केला. दुपारची वेळ होती, माझ्या टेबलाभोवती चौघं चहा पीत उभे होते, फोन मोठ्या आवाजावर होता.

त्यांनी विचारलं, "रात्रीच्या रकान्यात काय लिहू?"

मी म्हणालो, "भावजी, रात्र काय दिवसाच्या घराबाहेर झोपते? सोडा रिकामा."

चौघेही हसले. भावजी म्हणाले बरं, आणि त्यांनी फोन ठेवला.

मला ठाऊक होतं, ताई. रकाने माझे होते, अर्थ माझा होता. नीट ऐकलं असतं तर मला तिथेच कळलं असतं की हे उत्तर चूक आहे. पण प्रश्न कानावर पडताच मला विनोद सुचला आणि विनोद सुचला की मी पुढचं ऐकत नाही, हे तू लहानपणापासून बघतेस. मग चार दिवसांनी भावजींच्या त्या तक्त्यासकट वेगवेगळ्या लोकांच्या अकरा तक्त्यांचा गठ्ठा आला. रिकाम्या रकान्याचं संगणकाने शून्य केलं, मी अकरा सह्या केल्या.

हिशेब असा झाला. तीन अहोरात्रांना लागायची पाचशे चाळीस ताकदीची बॅटरी. बसवली गेली तीनशे साठची. थंडी आणि म्हातारपण यांच्यासाठी जे थोडं जास्त धरलं होतं, ते थंडी आणि म्हातारपण यांनीच घेतलं. सोमवारी सकाळी सहाला वीज गेली आणि बुधवारी सकाळी सहाला यंत्र मेलं. बरोबर दोन अहोरात्र. चूकसुद्धा किती अचूक. वीज गुरुवारी पहाटे आली. ठरल्याप्रमाणे बॅटरी असती तर यंत्र तोपर्यंत चाललं असतं.

बुधवारी दहाच्या सुमाराला वरच्या वस्तीतल्या लाकूड कापायच्या कारखान्यात ओंडका घसरला आणि एका कामगाराचा उजवा हात त्याखाली सापडला. वस्तीतला एकुलता ट्रक वादळाआधीच खाली गेला होता. खाली दवाखान्यात गाडी उभी होती, रस्ताही मोकळा झाला होता, पण वर बोलवायला फोन नव्हता. वस्तीतली नर्स दुपारपर्यंत फोन लावत राहिली. शेवटी एक माणूस चिठ्ठी घेऊन चालत निघाला, तो पाचला पोचला. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत आणला असता तर हात वाचला असता.

हे सगळं तुला माहीत आहे. पण मी कधी सलग लिहिलं नव्हतं.

मग चौकशी. साहेबांनी अहवालाचा मसुदा करायला मला सांगितलं, कारण माझी भाषा चांगली. मी लिहिलं: 'क्षेत्र-तंत्रज्ञाने रात्र हा रकाना रिकामा सोडल्यामुळे बॅटरीची क्षमता अपुरी ठरली.' या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. म्हणून तर ते मला लिहिता आलं. भावजींना त्यांचं म्हणणं विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, हो, रकाना मी सोडला. मी त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. ते पुढे काही बोलतील म्हणून मी वाट बघत होतो, आणि बोलू नयेत म्हणूनही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चौघांपैकी एकजण निवृत्त झालाय, बाकीचे तिघे त्या दिवसानंतर माझ्या टेबलाशी चहा प्यायला आले नाहीत. कुणी काही म्हणालं मात्र नाही.

हे कार्ड आल्यावर तुझ्या भावजयीला सांगितलं. तिलाही पहिल्यांदाच. तिने हातातलं काम थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, आधीच्या पत्रात थट्टा किती होती आणि मजकूर किती, ते एकदा मोजून बघा. मग म्हणाली, वीस तारखेला कोणता सदरा घालणार तो काढून ठेवते. त्यावरून मला कळलं की जायचं आहे.

तर विशेषणांचं पत्र मी फाडलं. समितीला आज तीन ओळी पाठवल्या: रकाने मी आखले, अर्थ मी ठरवला, तंत्रज्ञाने फोनवर विचारलं तेव्हा रिकामा सोडा असं मी सांगितलं. वीस तारखेला मी स्वतः हजर राहीन. बारा टेकड्यांचं काम यातून जाईल, बहुतेक खुर्चीही जाईल. त्याचं मला फार काही वाटत नाही, थकलोय. भीती आहे ती एकाच गोष्टीची आणि ती तुला वेगळी लिहायला नको.

उत्तर द्यायचं की नाही ते तुझ्यावर. दिलं नाहीस तरी मी जाणार आहे.

धाकटा


२१ मार्च

ती. ताईस नमस्कार.

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मानून मी कालपर्यंत दारात आलेलं प्रत्येक पाकीट स्वतः उघडत होतो, विजेचं बिलसुद्धा. असो. काल काय झालं ते भावजी तुला सांगतील, पण ते चार शब्दांत सांगतील, म्हणून मी लिहितो.

तिसऱ्या मजल्यावरची ती लांब खोली. समितीत तिघं, मधे अध्यक्ष म्हणून नव्या मुख्य अभियंता बाई. भावजी इस्त्रीचा सदरा घालून आले होते, केस ओले. आम्ही दोघं बाकावर शेजारी बसलो. त्यांनी मला विचारलं, पाठ कशी आहे वहिनींची. मी म्हटलं, बरी आहे. मग आत बोलावलं.

बाईंनी माझ्या तीन ओळी वाचल्या, तक्ता पाहिला आणि भावजींना विचारलं की यात 'दिवस' म्हणजे तुम्ही काय समजलात. भावजी म्हणाले, दिवस म्हणजे दिवस. उजवीकडचा सदस्य म्हणाला, मीही तेच समजलो असतो. मग बाई माझ्याकडे वळल्या. दोन वर्षं का बोलला नाहीत असं त्यांनी विचारलं. मी सुरुवात केली, तक्त्याचा हेतू, शब्दाचा मूळ अर्थ, त्या वेळची परिस्थिती. त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, एका वाक्यात.

मी म्हणालो, "लाज वाटली, आणि यांनी माझं नाव घेतलं नाही म्हणून ती झाकून गेली."

त्यांनी ते लिहून घेतलं. पेन खूप हळू चालवत होत्या.

भावजींनाही तेच विचारलं. तुम्ही का सांगितलं नाहीत? ते म्हणाले, फोनवरचं बोलणं होतं, कागद नव्हता. बाईंचाही विश्वास बसला नाही, माझाही नाही.

निर्णय तिथेच सांगितला. अहवालातलं ते वाक्य रद्द. भावजींचा चढण्याचा परवाना एक तारखेपासून परत. बारा टेकड्यांचं काम माझ्याकडून काढलं. मला सेल तपासायच्या खोलीत पाठवलंय. तिथे नवीन सेल भरायचे, मग मुद्दाम रिकामे करायचे, आणि तासातासाला आकडा लिहायचा. माझ्या सहीने आता काही चालू होणार नाही. मला ते बरंच वाटलं.

परवान्याचा कागद भावजींनी दोनदा वाचला, चौपदरी घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले की त्यांच्याकडच्या नऊ टेकड्यांपैकी चार जमतील, बाकीच्या पाच आता नाही जमणार. मला वाटलं नम्रपणा करतायत. मग आम्ही जिना उतरलो. ताई, दोन वर्षं भांडारातल्या स्टुलावर बसून त्यांचे गुडघे काय झालेत ते मी पाहिलं. ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकतात. तू रोज बघतेस. मी काल पाहिलं. नवव्या टेकडीला सहाशे चाळीस पायऱ्या आहेत, माझ्याच नकाशात तसं लिहिलेलं आहे.

म्हणजे काढून घेतलं होतं ते सगळं परत मिळालं नाही. हे समितीच्या कागदात नाही, म्हणून इथे लिहितो.

खाली चहाच्या टपरीशी उभे राहिलो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भावजी कुठे जातात ते तुला ठाऊक असेल, मला काल कळलं. मी म्हटलं, त्या कामगाराकडे मीही येतो, त्याला सांगायला हवं. भावजींनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, सावकाश या, तुमच्या सांगण्याचं तो काय करेल, त्याला हात हवा होता. मग माझा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. म्हणाले, या, पण सांगायला म्हणून नको, लाकडं रचायला या, एका हाताने त्याला ती रचता येत नाहीत.

नंतर मी विचारलं, खरं कारण काय होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जसं काही कुणी ऐकेल.

"सासूबाई-सासरे गेल्यावर तिला माहेर म्हणजे तुम्ही एकटे उरलात," ते म्हणाले. "अहवालाचा राग आज ना उद्या निवला असता. फोनचं कळलं असतं तर तिने ते दार कायमचं लावलं असतं. मला काय, भांडारात बसायचं होतं, बसलो."

मी ग्लास फळीवर ठेवला.

मी विचारलं, मग आता फोनबद्दल लिहा असं का सांगितलंत. ते म्हणाले, तुमचा तो मसुदा ती वाचत होती, कर्तव्यदक्ष, निर्व्यसनी, आणि वाचता वाचता ती तुमच्यावर खूश होत होती. ते मला बघवलं नाही. एवढं बोलून त्यांनी दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि गाडी चुकेल म्हणून निघाले. स्टँडपर्यंत मी बरोबर गेलो. ते हळू चालत होते, मीही हळू चाललो.

तेव्हा आता तुला सगळं कळलंय. तुझ्यासाठी त्यांनी काय झाकून ठेवलं तेही, आणि ते झाकलेलं कुणामुळे होतं तेही. राग धरलास तर तो बरोबर आहे. मी त्यावर काही म्हणणार नाही, कुणाकडून म्हणवणारही नाही. इकडे मागची खोली तशीच आहे. तुझी भावजय म्हणाली की पत्रात बोलावणं लिहा. मी म्हटलं, कोणत्या तोंडाने लिहू. ती म्हणाली, तोंड नाही, पेन घ्या. पण बोलावणं लिहीत नाही. खोलीची किल्ली शेजारच्या शिंपिणीकडे ठेवली आहे, आम्ही घरी नसलो तरी ती देईल. तू यावंस असं वाटतं. आली नाहीस तर तेही मी समजेन.

भावजींच्या गुडघ्यांना शेक देत जा. ते मागणार नाहीत.

जसं आहे तसं, आणि उरलं आहे तेवढं,
तुझं माहेर